‘कोळशाचा हिरा’ : एका वाक्यरचनेचे परीक्षण

शास्त्रीय मराठीची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांपाशी सुरू होते आणि नामांपाशीच संपते. अमुक संज्ञेला कोणता पर्याय योजावा, तो संस्कृतोद्भव असावा की रूढ, उच्चारास सुकर आहे किंवा नाही, यांवर समित्यांनी वर्षानुवर्षे खल केला. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोशांची जी मालिका सिद्ध केली, तिचे मोल कोणीही जाणता अभ्यासक नाकारणार नाही. परंतु शास्त्र नुसत्या नामांत राहत नाही. एखादी घटना कशी घडते हे सांगावयाचे म्हणजे वाक्य रचावे लागते, आणि वाक्याचा भार क्रियापदावर व विभक्तिसंबंधावर पडतो. नाम अचूक असूनही वाक्य खोटे असू शकते. अशाच एका वाक्याचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. ते वाक्य असे : ‘कोळशावर लक्षावधी वर्षे प्रचंड दाब पडला म्हणजे त्याचा हिरा होतो.’

हे वाक्य बालविज्ञानाच्या पुस्तकांत आढळते, शालेय निबंधांत आढळते, आणि परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या सत्कारसमारंभात तर त्याचे उच्चारण जवळजवळ अनिवार्य झाले आहे. त्यातील एकही नाम दुर्बोध नाही. व्याकरणदृष्ट्याही ते निर्दोष आहे. तथापि पृथ्वीच्या खोल अंतर्भागात कार्बन कसा हिंडतो व कोठे स्फटिकरूप घेतो, यासंबंधी गेल्या काही दशकांत जे ज्ञान हाती आले आहे, त्याच्याशी या वाक्याचा जवळजवळ प्रत्येक घटक विसंगत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ही समजूत मराठीची जुनी ठेव नव्हे. आपल्या म्हणींत कोळसा आहे आणि हिराही आहे. पण ते एकमेकांना कोठेही भेटत नाहीत. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण कोळशाचा स्वभाव पालटत नाही असेच बजावते. ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ ही म्हण हिऱ्याचे नाते जोडते ते गारगोटीशी. वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नांच्या उत्पत्तीविषयीची तीन मते नमूद केली आहेत : कोणी म्हणतात बल दैत्यापासून, कोणी म्हणतात दधीचीपासून, तर कोणाच्या मते पाषाणांतील हे वैचित्र्य भूमीच्या स्वभावातूनच उपजते. कोळशाचा तेथे मागमूस नाही. दोहोंची गाठ घातली ती आधुनिक रसायनशास्त्राने. १७७२ च्या सुमारास लाव्हाझिएने हिरे जाळून पाहिले. १७९७ साली स्मिथसन टेनंट याने हिरा म्हणजे शुद्ध कार्बनच होय हे जोखून दाखविले. त्यांनी सिद्ध केले ते द्रव्याचे ऐक्य. आपण त्याचा अर्थ केला वंशाचे ऐक्य. हिरा आणि कोळसा एकाच द्रव्याचे आहेत म्हणून एक दुसऱ्यापासून झाला, हा तर्क म्हणजे बर्फ आणि धुके दोन्ही पाण्याची म्हणून प्रत्येक बर्फाचा खडा धुक्यातून पडला असे म्हणण्यासारखा आहे.

या गोंधळाचा काही दोष नामाकडेही जातो. लॅटिन भाषेत ‘कार्बो’ म्हणजे लाकडी कोळसा. १७८७ साली लाव्हाझिए व त्याचे सहकारी यांनी नवी रासायनिक नामावली रचली, तेव्हा रोजच्या कोळशाचा ‘शार्बाँ’ हा फ्रेंच शब्द बाजूला ठेवून मूलद्रव्यासाठी ‘कार्बोन’ असा निराळा शब्द योजला. म्हणजे कोळसा व मूलद्रव्य यांत भेद करण्याचा त्यांचा स्पष्ट हेतू होता. जर्मन भाषेने तो भेद पुसून ‘कोळसाद्रव्य’ अशा अर्थाचा सामासिक शब्द कायम केला. डॉ. रघुवीरांच्या ‘प्रांगार’ या पर्यायातही ‘अंगार’ लपलेला आहेच. मराठीत काही काळ चाललेला ‘कर्ब’ हा शब्द या दृष्टीने अधिक बरा होता. तो मूळ परकीय शब्दच छाटून तत्सम वाटेल असा केलेला आहे, आणि त्याला कोळशाचा वास नाही. आज तो ‘कर्बोदके’ या शब्दात आणि शेतकऱ्यांच्या ‘सेंद्रिय कर्ब’ या नित्य वापरातील प्रयोगात टिकून आहे. मात्र शास्त्रीय मराठीत आता ‘कार्बन’ हाच शब्द स्थिरावला असल्याने पुढील विवेचनात तोच वापरला आहे.

आता वाक्यरचनेकडे वळू. ‘अमक्याचे तमके होणे’ ही मराठीतील अत्यंत जोमदार रचना आहे. दुधाचे दही होते, मातीचे मडके होते, रावाचा रंक होतो. षष्ठी विभक्तीतील पद पूर्वावस्था सांगते, प्रथमेतील पद उत्तरावस्था सांगते, आणि या दोहोंच्या खाली काहीतरी एक टिकून आहे असे रचना गृहीत धरते. दूध ज्या भांड्यात होते त्याच भांड्यात दही सापडते. ‘उसाचा गूळ होतो’ या प्रयोगाकडे बोट दाखवून कोणी आक्षेप घेईल की तेथे चिपाड मागे राहते, रस निघतो, आटतो, म्हणजे ही रचना स्थलांतर व निवडही सामावून घेते. आक्षेप रास्त आहे. परंतु तेथे श्रोत्याला गुऱ्हाळ ठाऊक असते. रचनेने जे सांगितले नाही ते तो आपल्या अनुभवाने भरून काढतो. पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटरांवर काय चालते याचा अनुभव कोणालाच नाही. म्हणून तेथे रचना जे सुचवील तेच श्रोत्याचे ज्ञान होऊन बसते. ती सुचविते हे : कोळशाचा एक खडा होता, तो आपल्या जागी पडून राहिला, त्याने सोसले, आणि तोच खडा हिरा झाला.

वस्तुस्थिती पाहू. बहुतेक हिरे घडतात ते अतिप्राचीन भूखंडांच्या जाड मुळांखाली, सुमारे १५० ते २०० किलोमीटर खोलीवर, प्रावरणात. (‘प्रावरण’ हा पर्याय मूळ संज्ञेतील वस्त्राची कल्पना जशीच्या तशी उचलतो; पण गाभ्याभोवती गुंडाळलेला थर या अर्थी तो चपखल बसतो.) कोळशाचे थर वरच्या कवचात, फार तर काही किलोमीटरांच्या आत असतात. खंडांचे कवच हलके असल्याने ते सहजासहजी खाली बुडत नाही. काळाचा हिशेब तर याहून निर्णायक आहे. १९८४ साली स्टीव्हन रिचर्डसन व सहकारी यांनी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली व फिन्श येथील हिऱ्यांत अडकलेल्या गार्नेट खनिजाच्या कणांवरून त्या हिऱ्यांचे वय सुमारे ३२० ते ३३० कोटी वर्षे काढले. भूमीवर वनस्पती अवतरल्या त्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी. नातू आजोबांच्या आधी जन्मला असे म्हणावयाची तयारी असेल तरच या हिऱ्यांना कोळशाचे वंशज म्हणता येईल.

याचे एक उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. जुन्या चांदा जिल्ह्यात वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे, आणि त्याच जुन्या जिल्ह्यात, १९८२ पासून गडचिरोलीत मोडणारे वैरागड आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आलेला आहे. गावाच्या नावातील ‘वैर’ हा शत्रुत्ववाचक नसून ‘वज्र’ शब्दाच्या प्राकृत ‘वइर’ या रूपाचा अवशेष होय, ही व्युत्पत्ती ध्वनिनियमांस धरून आहे. एका जिल्ह्याच्या नकाशात दोन्ही खाणी दाखविता येतात. पण त्या कोळशाचा त्या हिऱ्यांशी काडीचा संबंध नाही. ‘खाण’ हा एकच शब्द दोहोंना लावला जातो, एवढाच तो शेजार.

वाक्यातील दुसरा घटक ‘दाब’. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर आपल्या वाक्याने कोळशाला समवायी कारण आणि दाबाला निमित्तकारण ठरविले आहे. कुंभाराच्या जागी दाब बसविला आहे. पण दाब घडवीत नाही. विशिष्ट खोलीखाली कार्बनची हिरा ही अवस्था टिकाऊ असते आणि तिच्यावर ग्रॅफाइट ही टिकाऊ असते, एवढेच दाब ठरवितो. ती अट आहे, कर्ता नव्हे. याचा पुरावा प्रयोगशाळेतून मिळतो. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल याने कृत्रिम हिरे सिद्ध केले, ते कार्बन नुसता चिरडून नव्हे. लोह व गंधक यांच्या वितळलेल्या संयुगाच्या सान्निध्यात कार्बनला आधी विरघळावे लागले आणि मग त्या द्रवातून हिऱ्याचे स्फटिक बाहेर पडले. द्रावकावाचून ग्रॅफाइटचे थेट रूपांतर साधावयाचे तर पुष्कळच अधिक दाब आणि सुमारे ३००० अंश सेल्सियस तापमान लागते. उलट, आज सुरतेच्या कारखान्यांतून मिथेन वायूपासून हिऱ्याचे थर वाढवितात, ते वातावरणाहूनही कमी दाबाखाली. ज्या ‘प्रचंड दाबा’वर आमचे वक्ते एवढे विसंबतात, तो या वाक्यातून काढून घेतला तरी हिरा होऊ शकतो, द्रव किंवा वायू काढून घेतला तर मात्र तो बहुधा होत नाही.

येथे खरा विषय सुरू होतो, आणि तो गतीचा आहे.

सागराच्या तळावर चुनखडीयुक्त गाळ साचतो. तळाच्या बेसॉल्टमध्येही समुद्राच्या पाण्यामुळे कार्बोनेटे भरतात. जोडीला मृत जीवांचा थोडा गाळ असतो. हा सारा सरंजाम अंगावर घेऊन सागरी भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो. खाली जाताना खडक तापतात, त्यांतील पाणी सुटते, आणि एवढ्या दाबाखालच्या पाण्यात कार्बोनेटे भूपृष्ठावर विरघळतात त्याहून कितीतरी अधिक विरघळतात. काही कार्बन या पाण्याबरोबर वर निघतो आणि ज्वालामुखींतून हवेत येतो. जो पुढे जातो त्याला आणखी एक नाका ओलांडावा लागतो. २०१६ साली अँड्र्यू टॉमसन, मायकेल वॉल्टर व सहकारी यांनी प्रयोगांवरून दाखविले की बुडणाऱ्या भूपट्टातील कार्बोनेटयुक्त बेसॉल्ट सुमारे ३०० ते ७०० किलोमीटरांच्या दरम्यान वितळू लागतो. तेथून निघणारा कार्बोनेटी द्रव अत्यंत पातळ असतो; खनिजकणांच्या फटींतून तो झिरपतो, पाझरतो, मुरतो. ही तीन क्रियापदे मराठीत आहेत आणि तिघांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. पण शास्त्रीय लेखनात मला जवळजवळ सर्वत्र एकच प्रयोग दिसतो : ‘स्थलांतरित होतो’.

या झिरपणाऱ्या द्रवाची प्रावरणातील खडकाशी गाठ पडते तेव्हा काय होते, याचे उत्तर आर्नो रोरबाख व मॅक्स श्मिट यांनी २०११ साली मांडले. सुमारे २५० किलोमीटरांच्या खाली प्रावरणाच्या खनिजांतील लोहाचा अल्पसा अंश धातुरूपात वेगळा पडतो. हे धातुरूप लोह प्राणवायूचे भुकेलेले असते. कार्बोनेटातील कार्बन प्राणवायूच्या संगतीत आहे तोवर द्रवरूपात हिंडू शकतो. लोहाने तो प्राणवायू ओढून घेतला की कार्बन एकाकी पडतो आणि हिऱ्याच्या रूपाने जागच्या जागी बसतो. पुढे कधी तोच खडक प्रवाहाबरोबर वर चढला, तर लोह घेतलेला प्राणवायू परत देते, हिरा पुन्हा कार्बोनेट होतो, खडक वितळू लागतो, आणि कार्बन वाटेस लागतो. अर्थात हिरा हे कार्बनच्या तपश्चर्येचे फळ नसून त्याच्या प्रवासातील मुक्काम आहे. आणि हा मुक्काम कधी कधी शेकडो कोटी वर्षांचा असतो.

या घटनेला संशोधकांनी ‘गोठणे’ असा अर्थ देणारी इंग्रजी संज्ञा दिली आहे, आणि तिच्याविषयी माझे समाधान झालेले नाही. मूळ भाषेतही तो शब्द रूपकात्मकच आहे, कारण तेथे तापमान उतरलेले नसते. मराठीत ‘गोठणे’ हे क्रियापद थंडीशी इतके जखडलेले आहे की हा अनुवाद केला तर वाचक तेथे गारवा कल्पील, जेथे खडक हजार अंशांहून अधिक तापलेला आहे. आपल्याजवळ याहून सरस शब्द आहे. दूध थंडीने दही होत नाही, दाबानेही होत नाही. त्यात विरजण पडावे लागते. धातुरूप लोह हे या द्रवाचे विरजण होय. दोन्ही ठिकाणचे रसायन भिन्न आहे हे मी जाणतो. तरी थोड्याशा परक्या द्रव्याच्या प्रवेशाने मोठ्या द्रवाची अवस्था पालटते हा संबंध ‘विरजणे’ या क्रियापदात जसा आहे, तसा ‘गोठणे’ यात नाही.

हिरा घडण्याची ही एकच रीत आहे असेही नव्हे. दिमित्री स्व्हेरयेन्स्की व फांग हुआंग यांनी २०१५ साली गणिताने असे दाखविले की खडकातून वाहणाऱ्या पाण्याची आम्लता वाढली एवढ्यानेही त्यातून हिरा बाहेर पडू शकेल. प्राणवायूच्या देवघेवीची तेथे आवश्यकता नाही. २०१६ साली एव्हान स्मिथ व सहकारी यांनी कलिनन हिऱ्याच्या जातीचे मोठे, नितळ हिरे तपासले. (१९०५ साली सापडलेला कलिनन ३१०६ कॅरटांचा होता.) त्यांत त्यांना लोह, निकेल, कार्बन व गंधक यांच्या एकेकाळी द्रवरूप असलेल्या मिश्रणाचे कण आढळले. म्हणजे निसर्गानेही आपले थोर हिरे वितळलेल्या धातूतच वाढविले. हॉलच्या प्रयोगशाळेतील युक्ती पृथ्वीला आधीपासून अवगत होती. प्रत्येक रीतीत एक गोष्ट समान आहे : कार्बन कशात तरी विरघळलेला, चालता होता, आणि त्या माध्यमात काही बदल झाल्याने तो बाहेर पडला.

‘हिऱ्यापोटी’ या शब्दाला नवा अर्थ देणारे पुरावेही असेच आले. जुन्या रत्नपरीक्षकांनी काकपद, मक्षिका, केश असे हिऱ्याचे दोष सांगितले. आजचा भूवैज्ञानिक नेमके तेच दोष शोधीत असतो, कारण तेच हिऱ्याच्या पोटात अडकलेले खोलीचे नमुने होत. ब्राझीलमधील जुईना भागातील एका मळकट, बाजारात कवडीमोल ठरणाऱ्या हिऱ्यात ग्रॅहम पिअर्सन व सहकारी यांना रिंगवुडाइट खनिजाचा कण सापडला (२०१४). तो ४१० ते ६६० किलोमीटरांच्या दरम्यानच्या थरातून आलेला असून त्यात सुमारे दीड टक्का पाणी होते.

आता विरोधी पक्षाला जे न्याय्य आहे ते दिले पाहिजे. जीवजन्य कार्बनात कार्बन-१३ या समस्थानिकाचे प्रमाण कमी असते. प्रमाणित मूल्यापासून ते दर हजारी उणे २५ च्या आसपास राहते, तर प्रावरणातील कार्बनचे उणे ५ च्या आसपास. बुडालेल्या सागरी बेसॉल्टपासून बनणाऱ्या एक्लोजाइट खडकाशी निगडित अशा काही हिऱ्यांत हे मूल्य जीवजन्य कार्बनइतके खाली गेलेले आढळते. त्यांच्यातील कार्बन कधीकाळी सागरी जीवांच्या देहांत होता असे मानण्यास यामुळे आधार मिळतो. तेव्हा हिऱ्याचे जीवसृष्टीशी नाते मुळीच नाही असे कोणी म्हणू नये. परंतु तो जीव म्हणजे सागरतळीच्या गाळातील सूक्ष्म देह. कोळशाचा खडा नव्हे. आणि तो कार्बनही आपल्या जागी पडून हिरा झालेला नाही.

‘कार्बनचक्र’ या संज्ञेविषयीही येथे दोन शब्द लिहावेसे वाटतात. चक्र म्हटले की वळसा पुरा होणे ओघानेच आले. भूपृष्ठावरील हवा, वनस्पती, माती यांच्यातील देवघेवीला ते नाव शोभते. खोल कार्बनच्या बाबतीत मात्र वळसा पुरा होतो की नाही हाच वाद आहे. पीटर केलेमन व क्रेग मॅनिंग यांनी २०१५ साली असे प्रतिपादिले की खाली गेलेल्या कार्बनपैकी बहुतेक पुन्हा वर येतो व त्यातील बराचसा वरच्या शिलावरणातच थबकतो. अतिखोल प्रावरणापर्यंत फारच थोडा पोचत असावा. जुईनासारख्या ठिकाणचे हिरे निदान काही कार्बन खरोखर तेथवर जातो याची साक्ष देतात. असे असता ‘चक्र’ हा शब्द योजणे म्हणजे निकाल लागण्यापूर्वीच निवाडा लिहून ठेवणे होय. ‘येरझार’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक ठरेल. येरझारीत थांबणे, रेंगाळणे, मधूनच न परतणे हे सारे बसते.

मग हिऱ्याचे वाक्य कसे रचावे? मला वाटते, मराठीने हा प्रश्न स्वयंपाकघरात केव्हाच सोडविला आहे. काकवी ठेवून दिली की तिच्यात साखरेचे खडे धरतात. पाकात सोडलेल्या दोऱ्याला खडीसाखर धरते. ‘धरणे’ या क्रियापदाची ही अकर्मक रचना विशेष लक्षणीय आहे : माध्यम सप्तमीत किंवा चतुर्थीत येते, नवा पदार्थ प्रथमेत येतो, आणि माध्यमाचे रूपांतर झाले असा दावा वाक्य करीतच नाही. काकवीची साखर ‘होत’ नाही. काकवीत साखर ‘धरते’. काकवी पुढेही शिल्लक राहते. ‘प्रावरणातून झिरपणाऱ्या कार्बनयुक्त द्रवात हिऱ्याचे खडे धरतात’ या वाक्यातील सगळे शब्द आठवीच्या विद्यार्थ्याला कळतील, ‘प्रावरण’ तेवढे समजावून सांगावे लागेल. ‘स्फटिकीभवन’ ही संज्ञा कोशात राहो. वाक्यात तिला ‘धरणे’ या क्रियापदाने वाट करून द्यावी. सत्कारसमारंभांतील वक्त्यांची यामुळे गैरसोय होईल, कारण विद्यार्थ्यावर घातलेल्या दडपणाचे समर्थन काकवीवरून करता येत नाही. ही गैरसोय मला इष्टच वाटते.

जुन्या रचनेला भूशास्त्रात स्थानच नाही असे मात्र नव्हे. हिरे भूपृष्ठापर्यंत हिरे म्हणून पोचतात, कारण किंबर्लाइटचा उद्रेक त्यांना काही तासांत, फार तर काही दिवसांत वर आणतो; बदलावयास त्यांना अवसर मिळत नाही. उत्तर मोरोक्कोतील बेनी बूसेरा येथे असे घडले नाही. तेथील प्रावरणखंड तप्त अवस्थेत सावकाश वर सरकला. १९८९ साली पिअर्सन व सहकारी यांनी त्या खडकातील ग्रॅफाइटच्या गोळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रॅफाइटचा स्वाभाविक स्फटिक षट्कोनी पत्र्यासारखा असतो. येथे मात्र काळ्या, मऊ, बोटाला डाग लावणाऱ्या ग्रॅफाइटला अष्टफलकाचा, म्हणजे हिऱ्याचा, घाट आहे. द्रव्य तेच, जागा तीच, बाहेरची आकृतीही तीच; आतली मांडणी तेवढी पालटली. षष्ठी आणि ‘होणे’ यांची रचना जे जे गृहीत धरते ते सर्व येथे शब्दशः खरे आहे. बेनी बूसेरा येथे हिऱ्याचे ग्रॅफाइट झाले.